परदेशी जाताना मानसशास्त्राचे शिक्षण आणि व्यवसाय पुढे कसा न्यावा?

सायली_मुलुंड
नमस्कार. मी मुंबईत मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. पहिले वर्ष पूर्ण झाले असून तिसरे सत्र चालू आहे. प्रात्यक्षिकासाठी मी एका महापालिका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाते आणि तिथे बसू लागल्यापासून हेच काम आयुष्यभर करायचे, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. बँकेतली नोकरी सोडून मी या विषयाकडे वळले आहे, त्यामुळे आता मधेच थांबण्याची कल्पनाही सहन होत नाही.

माझ्या नवऱ्याची त्याच्या कंपनीकडून कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे बदली होत आहे आणि जानेवारीत त्याला तिथे रुजू व्हायचे आहे. माझी शेवटच्या सत्राची परीक्षा मात्र एप्रिल-मेमध्ये आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की दोघांनी एकत्रच जावे आणि राहिलेले शिक्षण तिकडे पूर्ण करावे. असे एक सत्र तिकडच्या विद्यापीठात पूर्ण करता येते का? इथली एम.ए. पूर्ण करून गेले, तर तिचा तिथे नेमका उपयोग काय? की आधी इथे एम.फिल. करून मगच जावे? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गिरगावकर
चार-पाच महिन्यांचाच तर प्रश्न आहे. परीक्षा देऊन जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकी तपशील जाणकार सांगतीलच.

अनुजा_फ्रीमाँट
सायली, मी रुईयातून बी.ए. आणि नंतर कालिन्याहून एम.ए. करून इकडे आले आणि आज समुपदेशक म्हणून काम करते. त्यामुळे सुरुवातीपासून सांगते.

पहिली गोष्ट अशी, की अमेरिकेत पदवी आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देते. कॅलिफोर्नियात 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचे असेल तर पीएच.डी. किंवा सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) अशी डॉक्टरेट, पर्यवेक्षणाखालचे ३००० तासांचे काम आणि ईपीपीपी ही परीक्षा हे सारे लागते. एम.ए.च्या बळावर ते पद मिळत नाही. मात्र मास्टर्सच्या पातळीवर समुपदेशनाचा परवाना मिळणारे मुख्य दोन व्यवसाय आहेत, ते म्हणजे मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट आणि प्रोफेशनल क्लिनिकल काउन्सेलर. हे परवाने बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस देते. त्यासाठी साधारण ६० सेमिस्टर युनिटांची (म्हणजे श्रेयांकांची) मास्टर्स पदवी लागते, त्यानंतर 'असोसिएट' म्हणून नोंदणी करून ३००० तास पर्यवेक्षणाखाली काम करावे लागते आणि त्या कामाला किमान १०४ आठवडे लागलेच पाहिजेत, असा नियम आहे. पुढे परीक्षा असतात. तुम्हाला रुग्णालयात जे काम मनापासून आवडते आहे, ते इथे बहुतांशी याच परवान्यांखाली चालते.

दुसरी गोष्ट एका सत्राची. मास्टर्सचे अर्धवट शिक्षण इथे आणून उरलेले पूर्ण करणे जवळजवळ अशक्य आहे. इथली विद्यापीठे पदव्युत्तर पातळीवर बाहेरची फार थोडी युनिटे स्वीकारतात आणि तीही आपल्या अभ्यासक्रमाशी जुळली तरच. तुमची तीन सत्रे तुमच्या बायोडेटात शोभतील, पण त्यांच्यावर पदवी उभी राहणार नाही.

कोयनाकाठ
अनुजाताईंशी मी अर्धाच सहमत आहे. माझी पत्नी पुण्याहून मानसशास्त्रात एम.ए. पूर्ण करून आली. कागदपत्रांचे मूल्यमापन करून घेतल्यावर असे दिसले, की कायदा व नीतिनियम, व्यसनाधीनता, कुटुंबोपचार, विविध सांस्कृतिक गटांबरोबरचे समुपदेशन हे जे विषय कॅलिफोर्निया मागते, त्यांतले बरेच तिच्या अभ्यासक्रमात नव्हते, आणि प्रत्यक्ष व्यक्तीसमोर बसून केलेल्या समुपदेशनाचे तासही अपुरे होते. क्लिनिकल काउन्सेलरसाठी शिक्षणातच असे २८० तास अपेक्षित असतात. शेवटी तिने इथे नव्याने मास्टर्स केले. जर दुसऱ्यांदा सगळे करायचेच आहे, तर सायलींनी मुंबईत पाच महिने अधिक का घालवावेत? जानेवारीत नवऱ्याबरोबर यावे, शहर आणि भाषेचा बाज अंगवळणी पाडावा आणि बी.ए.च्या आधारावर सरळ प्रवेश घ्यावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अनुजा_फ्रीमाँट
कोयनाकाठ, तुमच्या पत्नीचा अनुभव खरा आहे आणि बहुतेकांना त्यातूनच जावे लागते. पण 'बी.ए.च्या आधारावर' या शब्दांपाशीच अडचण आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी सायलींच्या काळात तीन वर्षांची होती. तीन वर्षांच्या भारतीय पदवीला चार वर्षांच्या अमेरिकन पदवीइतके मानायचे की नाही, याबाबत इथल्या विद्यापीठांची धोरणे वेगवेगळी आहेत. काही मानतात, काही महाविद्यालयाचा नॅक दर्जा आणि वर्ग पाहून मानतात, काही सरळ नाकारतात. त्यावर दोन वर्षांची पूर्ण एम.ए. असली, की हा प्रश्न सहसा उरत नाही. अर्धी एम.ए. घेऊन आलेल्या मुलीच्या हातात मात्र ती तीन वर्षांची पदवीच राहते. पाच महिने वाचवण्याच्या नादात प्रवेशाचे दारच अरुंद होऊ शकते.

शिवाय कंपनीची बदली उद्या टेक्सासला किंवा परत पवईला झाली तर? पूर्ण झालेली एम.ए. असेल, तर भारतात नेट परीक्षा देता येते, शाळेत समुपदेशक होता येते, पीएच.डी.ला अर्ज करता येतो. अर्धवट राहिलेल्या शिक्षणाला ना इथे मोल, ना तिथे.

कोयनाकाठ
तीन वर्षांच्या पदवीचा मुद्दा मान्य आहे. पत्नीजवळ एम.ए. होतीच, म्हणून आम्हाला ती अडचण कधी जाणवली नाही. परीक्षा देऊनच यावे.

वसुधा_ठाणे
एम.फिल.विषयी मी लिहिते, कारण माझे काम त्याच क्षेत्रातले आहे. भारतात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि तिची मान्यता असलेले दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हाच आजवरचा मुख्य रस्ता राहिला आहे. आता मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद केली असून क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली होती. पुढे आरसीआयच्या नव्या अभ्यासक्रमांकडे पाहावे लागेल. दूरशिक्षणाने मानसशास्त्राची पदवी घेण्याची सोयही आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबवली आहे, म्हणून 'तिकडे बसून इथली पदवी' या कल्पनेवर कोणी विसंबू नये.

एम.फिल.मध्ये मिळणारे प्रशिक्षण अतिशय सखोल असते, याविषयी दुमत नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी केसची मांडणी आणि वरिष्ठांची उलटतपासणी अशी दोन वर्षे माणसाला घडवतात. ज्यांना भारतातच राहायचे आहे किंवा चार-पाच वर्षांनी नक्की परतायचे आहे, त्यांनी अशा प्रशिक्षणासाठी अवश्य प्रयत्न करावा. पण आरसीआयची नोंदणी दाखवून कॅलिफोर्नियात परवाना मिळत नाही. सायलीचे पुढचे आयुष्य तिकडे जाणार असेल, तर मी तिला आत्ता यात पडायला सांगणार नाही.

सह्यकडा
सायलीताई, व्हिसा कोणता, हे आपण लिहिले नाही. एच-४ (एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा) की एल-२ (कंपनीतल्या बदलीवर, म्हणजे एल-१ वर, येणाऱ्याच्या जोडीदाराचा)? सगळे त्यावरच ठरते.

सायली_मुलुंड
नवऱ्याचा एल-१बी असेल, म्हणजे माझा एल-२. अनुजाताई, वसुधाताई, मनापासून आभार. तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न मला कोणीही सांगितला नव्हता.

सह्यकडा
मग आपली बाजू बरीच भक्कम आहे. एल-१ धारकाच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा कामाचा परवाना काढावा लागत नाही, फक्त प्रवेशाच्या नोंदीवर, म्हणजे आय-९४ वर, 'एल-२एस' असे लिहिलेले आहे ना, ते विमानतळाबाहेर पडताच तपासून घ्यावे. एच-४ वर शिकता येते, पण काम करायचे तर ईएडी, म्हणजे कामाचा वेगळा परवाना, लागते आणि ती मुख्यतः जोडीदाराच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावरच मिळते. मानसशास्त्राच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे, कारण इथे पदवीनंतरची दोन-तीन वर्षे असोसिएट म्हणून नोकरी केल्याशिवाय परवाना मिळत नाही.

एक गोष्ट मात्र आजच मांडून ठेवावी. एल-१बीची कमाल मुदत ५ वर्षे आहे. मास्टर्सला दोन ते तीन वर्षे, पुढे ३००० तासांना किमान दोन वर्षे, म्हणजे परवाना हाती येण्याची आणि व्हिसा संपण्याची वेळ जवळजवळ एकच येते. कंपनी ग्रीन कार्डाचा अर्ज कधी करणार, हे नवऱ्याने रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. पुढे त्यांनी एच-१बी घेतला तर तुम्ही एच-४ वर जाल आणि ऐन तास भरण्याच्या काळात काम थांबू शकते. मी दोन घरांत हे घडताना पाहिले आहे आणि दोन्ही ठिकाणी पत्नीचे शिक्षण हा चर्चेचा विषय शेवटीच निघाला होता. तुमच्याकडे तो पहिल्या दिवशी निघावा.

निशिगंध
मी लेस्टरला असते. प्रश्न अमेरिकेचा असला, तरी ब्रिटनला येऊ पाहणाऱ्यांसाठी थोडे लिहिते. इथे क्लिनिकल, कौन्सेलिंग, एज्युकेशनल, फॉरेन्सिक वगैरे सायकॉलॉजिस्ट ही पदनामे कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांची नोंदणी एचसीपीसी या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेकडे होते. त्याआधीची पायरी म्हणजे ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची जीबीसी ही पात्रता. भारतीय पदवीतले विषय तिच्याशी जुळवून पाहिले जातात आणि संशोधन पद्धती किंवा जैविक मानसशास्त्र कमी पडले, तर एका वर्षाचा कन्व्हर्जन अभ्यासक्रम करावा लागतो. क्लिनिकल डॉक्टरेट तीन वर्षांची असते, तिच्यासाठी प्रचंड चुरस आहे आणि बाहेरून नुकत्याच आलेल्यांना सरकारी खर्चाची जागा मिळणे कठीण असते.

माझ्या माहितीतल्या बहुतेक मराठी मुलींनी दुसरी वाट धरली. सरकारी आरोग्यसेवेच्या 'टॉकिंग थेरपीज' विभागात सायकॉलॉजिकल वेलबीइंग प्रॅक्टिशनर म्हणून प्रशिक्षणार्थी व्हायचे. प्रशिक्षणाच्या काळात पगार मिळतो आणि सौम्य व मध्यम नैराश्य, चिंता यांवर ठरलेल्या पद्धतीने काम करायला शिकवतात. काहींना ते साचेबद्ध वाटते. मला मात्र त्यातली शिस्त आवडली.

यारानदीकाठ
मेलबर्नहून थोडक्यात. ऑस्ट्रेलियात एकूण सहा वर्षांचा क्रम मोजतात. भारतीय पदव्यांचे मूल्यमापन स्थलांतरासाठी ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटी करते, नोंदणी सायकॉलॉजी बोर्डाकडे आप्रा या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणी संस्थेच्या मार्फत होते. बी.ए. आणि एम.ए. मिळून पाच वर्षे भरली, तरी इथला 'ऑनर्स' दर्जाचा संशोधन प्रबंध नसेल तर चौथे वर्ष इथे करायला सांगण्याची शक्यता असते. एम.ए.ला प्रबंध ऐच्छिक असेल, तर तो जरूर घ्यावा. सायली, हे तुमच्याही उपयोगाचे आहे, कारण कुठेही डॉक्टरेटला अर्ज केला तर पहिला प्रश्न संशोधनाचाच येतो.

दादरची_सून
माझी शंका थोडी वेगळी आहे. आजकाल सगळी सत्रे ऑनलाइन होतात. मग सायलीने तिकडे राहून मुंबईतल्याच लोकांना मराठीतून समुपदेशन केले तर? इथे मराठीत बोलणारा समुपदेशक शोधताना किती हाल होतात, हे मी घरात अनुभवले आहे. तिलाही सराव राहील.

वसुधा_ठाणे
आपली तळमळ पूर्ण समजते. तरीही मी हे दोन कारणांसाठी सावधपणे करायला सांगेन. पहिले कायद्याचे. तुम्ही ज्या भूमीवर बसून काम करता, तिथला कामाचा नियम तुम्हाला लागू होतो, पैसे कुठल्या खात्यात जमा झाले याने फरक पडत नाही. एच-४ वर ईएडी नसताना मुंबईच्या अशिलाकडून, म्हणजे समुपदेशन घेणाऱ्याकडून, फी घेणे हेही कामच आहे. एल-२ वर ती अडचण नाही, पण आपण परवाना नसलेल्या व्यावसायिक आहोत, हे भान ठेवावे लागेल. आणि अशील स्वतः कॅलिफोर्नियात असेल, तर तिथल्या परवान्याशिवाय थेरपी देताच येत नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रात्री अकरा वाजता मुलुंडमधली एखादी मुलगी संदेश पाठवते, 'आता काही अर्थ उरला नाही.' तुम्ही सॅन होजेमध्ये आहात, तिथे सकाळ आहे. तिच्या आईचा नंबर तुमच्याजवळ आहे का? तिच्या घराजवळचे कोणते रुग्णालय रात्री मानसोपचाराचा रुग्ण घेते, ते माहीत आहे का? १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक भारतातून लावायचा आहे, तो तिला स्वतःला लावावा लागेल. इथे असताना माझ्या पाठीशी एक मनोविकारतज्ज्ञ असतात, ज्यांना मी मध्यरात्री उठवू शकते. अशी व्यवस्था आधी उभी केली, स्थानिक व्यक्तीचे नाव संमतीपत्रात लिहून घेतले आणि पर्यवेक्षक ठेवला, तर विचार करता येईल. नुकत्याच एम.ए. झालेल्या मुलीने एकटीने ही जबाबदारी घेऊ नये.

दादरची_सून
पटले. या बाजूने मी विचार केला नव्हता.

क्षितिज_डोंबिवली
मी याच वर्षी कॅनडाला जाण्याची तयारी करतो आहे, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो. परदेशातील मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना नुसत्या गुणपत्रिका पुरत नाहीत. विद्यापीठाने थेट पाठवलेले किंवा सीलबंद ट्रान्सक्रिप्ट लागते आणि ते परीक्षा भवनातून मिळवायला वेळ लागतो, म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज करावा. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम त्या वर्षाचाच हवा, कारण विद्यापीठ अभ्यासक्रम बदलते आणि पाच वर्षांनी जुनी प्रत सापडत नाही. टीवायबीएच्या सहाही विषयांचा अभ्यासक्रम विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्यासह घेऊन ठेवावा. 'सायकॉलॉजिकल टेस्टिंग अँड स्टॅटिस्टिक्स' आणि प्रात्यक्षिकाचा विषय यांची तर विशेष विचारणा होते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीकडे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'प्रात्यक्षिक समाधानकारकरीत्या पूर्ण केले' असे एका ओळीचे प्रमाणपत्र देतात. बाहेर त्याचा काहीच उपयोग होत नाही. मी माझ्या वहीत रकाने आखून घेतले आहेत. त्यांत तारीख, प्रत्यक्ष अशिलासमोर घालवलेला वेळ, निरीक्षण म्हणून बसलेला वेळ, चाचणी घेतली असल्यास तिचे नाव, पर्यवेक्षणाचा वेळ एकट्याने की गटात, आणि शेवटी पर्यवेक्षकाची सही, पात्रता व नोंदणी क्रमांक. अशिलाचे नाव कुठेही नाही, फक्त वय आणि सांकेतिक क्रमांक. आमच्या मॅडमनी आधी हे कशाला म्हणून विचारले आणि आता त्या सगळ्या वर्गाला असेच लिहायला सांगतात. पर्यवेक्षक निवृत्त होतात, रुग्णालय बदलतात, म्हणून सही त्याच महिन्यात घ्यावी.

मंदाकिनी
सगळे नियम वाचले. मी या क्षेत्रात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. सायली, तिकडे पुन्हा पहिल्या वर्गात बसावे लागेल, तुमच्याहून दहा वर्षांनी लहान मुले शेजारी असतील आणि आपण इथे जे केले ते कोणी मोजतच नाही, असे वाटून मन खट्टू होईल. त्या वेळी हे आठवा. महापालिका रुग्णालयात येणारी बाई क्वचितच 'मी उदास आहे' म्हणते. ती सांगते, डोके जड होते, हातापायांत मुंग्या येतात, छातीत धडधडते, आणि ती आधी तीन डॉक्टर करून आलेली असते. सासू बाहेर बाकावर बसलेली असते. त्या बाईचा विश्वास मिळवून, रांग लागलेली असताना, पंधरा मिनिटांत खरी गोष्ट काढून घेणे हे शिक्षण तुम्हाला मिळते आहे. बुद्धिमापनासाठी कामतांची मराठी चाचणी घेताना मूल कुठे अडले आणि कुठे नुसते घाबरले, हे ओळखायला तुम्ही शिकता आहात.

सॅन होजेच्या परिसरात मुलांकडे राहायला गेलेले कितीतरी मराठी आईवडील आहेत. गाडी चालवता येत नाही, दिवसभर घरात एकटे, आणि मुलांना सांगायचा संकोच. त्यांचे दुखणे ऐकून घेणारे माणूस तिथे हवे आहे. परवाना मिळेपर्यंत थेरपी देऊ नका, पण तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटात जाऊन बसायला कोणाची हरकत नाही.

कोयनाकाठ
मंदाकिनीताई, माझे वडील नेमके याच अवस्थेतून गेले. आपण लिहिलेत ते अक्षरशः खरे आहे. सायली, इथे आल्यावर जरूर कळवा, ज्येष्ठांचा गट दर शनिवारी भरतो.

सायली_मुलुंड
काल रात्री आम्ही दोघांनी हा धागा एकत्र बसून वाचला आणि आज सासूबाईंनाही वाचून दाखवला. नवरा जानेवारीत पुढे जाईल, मी परीक्षा आणि प्रबंध पूर्ण करून जूनमध्ये जाईन. सासूबाईच म्हणाल्या, की पाच महिन्यांसाठी एवढे शिकलेले वाया घालवू नकोस. ग्रीन कार्डाविषयी त्याने कंपनीला लेखी विचारणा केली आहे. नोंदवहीचे रकाने आजपासून सुरू केले.

एक प्रश्न उरतो. जूनमध्ये पोहोचले, तर प्रवेश त्याच वर्षीच्या फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रासाठी घ्यावा, की एक वर्ष थांबावे?

अनुजा_फ्रीमाँट
फार छान निर्णय. फॉलच्या प्रवेशाचे अर्ज बऱ्याच ठिकाणी डिसेंबर ते फेब्रुवारीमध्ये बंद होतात, म्हणजे मुंबईत असतानाच भरावे लागतील. माझे मत विचाराल तर एक-दोन अर्ज आत्ताच भरा, पण एक वर्ष थांबावे लागले तरी वाईट वाटून घेऊ नका. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांना शुल्क बरेच कमी असते आणि त्यासाठी एका वर्षाहून अधिक वास्तव्य दाखवावे लागते. तुमच्या प्रकारच्या व्हिसावर ते दाखवता येते. मधल्या वर्षात एल-२ वर नोकरी करता येईल. स्वमग्न मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्था ४० तासांचे प्रशिक्षण देऊन बिहेवियर टेक्निशियन नेमतात. पगार बेताचा असतो, पण इथली कुटुंबे, शाळा आणि विमा कंपन्या कशा चालतात, हे त्यातून नीट कळते.

विद्यापीठ निवडताना एकच गोष्ट कटाक्षाने पाहा. त्या अभ्यासक्रमाच्या पानावर 'एलपीसीसी' (क्लिनिकल काउन्सेलर) किंवा 'एलएमएफटी' (फॅमिली थेरपिस्ट) परवान्याच्या अटी पूर्ण होतात, असे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. नुसत्या 'एम.ए. सायकॉलॉजी' नावाच्या पदव्या इथेही पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकींनी परवाना मिळत नाही. पुढे राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर केकरेप या समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पाहा, कारण अनेक राज्यांत तो सहज स्वीकारतात. एमएसडब्ल्यूचाही, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सचाही, विचार करून ठेवा. क्लिनिकल सोशल वर्करचा परवाना सर्व राज्यांत असतो आणि इस्पितळांत त्यांना मोठी मागणी आहे.

सायली_मुलुंड
एमएसडब्ल्यूचा विचारच केला नव्हता. तीन अभ्यासक्रम निवडून त्यांची माहिती इथेच टाकते. पाहून सांगाल का?

अनुजा_फ्रीमाँट
अवश्य. प्रत्येकाच्या प्रात्यक्षिकाचे तास आणि एकूण युनिटे तेवढी सोबत लिहा.